चक्कर, तोल आणि ते कॉम्प्युटरचं मशीन : वाचकांचे प्रश्न

मागच्या महिन्यात याच पानावर मी लिहिलं होतं की वारंवार चक्कर येणाऱ्या माणसाला नुसतं गोळ्यांवर ठेवू नका, तोलाची नीट तपासणी करून घ्या आणि तोलाचे व्यायाम सुरू करा. त्यावर नाशिकमधून आणि आसपासच्या गावांतून खूप प्रश्न आले, बरेचसे व्हॉट्सअ‍ॅपवर आणि काही चक्क हाताने लिहिलेल्या पत्रांत. सगळे छापायला जागा नाही, म्हणून ज्यांत इतर बऱ्याच जणांचीही शंका येऊन जाते असे निवडले आहेत. नावं कुणाचीच देत नाही. आणि पत्र वाचून निदान होत नसतं हे आधीच सांगते, इथे दिशा कळेल, तपासणी मात्र समोर बसूनच करून घ्यायची.

प्रश्न : ताई, आमची निफाडकडे द्राक्षबाग आहे, माझं वय ५१. विरळणीच्या वेळी मांडवाखाली मान वर करून काम करताना एकदम सगळं गरगर फिरतं, तार धरून उभी राहते. रात्री उजव्या कुशीवर वळलं की पण तेच. थोड्या वेळात थांबतं पण मनात भीती बसलीय. डॉक्टरांनी मानेचा एक्स-रे काढून स्पॉन्डिलायटिस सांगितला, पट्टा दिला, गोळ्या वर्षभर चालू आहेत. आता सगळे म्हणतात नाशिकला जाऊन कॉम्प्युटरवर तोलाची टेस्ट कर. करावी का?

उत्तर : ताई, मान वर केली की, कूस बदलली की, आणि तेही मिनिटभराच्या आतच थांबणारं गरगरणं असेल तर पहिला संशय मानेवर घ्यायचा नाही, कानावर घ्यायचा. आतल्या कानात कॅल्शियम कार्बोनेटचे अगदी बारीक कण असतात, त्यांची जागा ठरलेली असते. ते तिथून सुटून शेजारच्या अर्धगोल नळीत शिरले की डोकं हललं की तेही आत सरकतात, नळीतला द्रव हलतो आणि डोकं थांबलं तरी मेंदूला निरोप जातच राहतो की आपण फिरतोय. डॉक्टर याला बीपीपीव्ही म्हणतात आणि गरगरून चक्कर येण्याचं हे सगळ्यात नेहमीचं कारण आहे, पन्नाशीच्या पुढे जास्त आणि पुरुषांपेक्षा बायकांत जास्त.

पन्नाशीनंतर कुणाच्याही मानेचा एक्स-रे काढा, थोडीफार झीज दिसतेच. ती दिसली म्हणून चक्कर तिच्यामुळेच आली असं होत नाही. या एका गैरसमजापायी किती माणसं वर्षानुवर्षं पट्टा बांधून फिरतात हे बघून मला खरंच फार वाईट वाटतं, कारण पट्ट्याने डोकं हलवणं कमी होतं आणि डोकं हलवणं कमी झालं की तोल आणखीच कच्चा पडत जातो.

तुम्हाला आत्ता मोठ्या मशीनची गरज दिसत नाही. एक कॉट आणि माहीतगार डॉक्टर किंवा फिजिओ पुरे. डिक्स-हॉलपाइक नावाची टेस्ट आहे, १९५२ पासून वापरात आहे, त्यात तुम्हाला कॉटवर बसवून मान ४५ अंश एका बाजूला वळवतात आणि पटकन मागे झोपवतात, डोकं कॉटच्या कडेबाहेर थोडं खाली, आणि तुमचे डोळे बघतात. कण नळीत असतील तर डोळ्यांना ठरावीक दिशेने झटके येतात, त्यावरून कुठला कान आणि कुठली नळी ते कळतं. मग लगेच त्याच कॉटवर एप्ली मॅनूव्हर करता येतो, म्हणजे डोकं आणि अंग एकामागून एक ठरलेल्या स्थितींत फिरवत ते कण परत मूळ जागी आणायचे. अमेरिकेतल्या जॉन एप्ली नावाच्या ईएनटी डॉक्टरांनी १९९२ मध्ये तो सविस्तर छापला, आज जगभर तोच करतात. काही मिनिटांचं काम आहे आणि पुष्कळांना एकदोन बैठकांतच सुटका मिळते.

मोबाईलवर व्हिडिओ बघून घरी करू नका, निदान पहिल्यांदा तरी नको, चुकीच्या बाजूने केलं तर फायदा नाही आणि कधी कण दुसऱ्याच नळीत जाऊन बसतात. झाल्यावर काही दिवस डगमगल्यासारखं वाटू शकतं, घाबरू नका. पुढे कधी हे परत उलटू शकतं, तेव्हा परत तेच करायचं. आणि हे पूर्ण बरं होईपर्यंत बागेत स्टुलावर, शिडीवर अजिबात चढायचं नाही, तेवढं काम दुसऱ्या कुणाला सांगा. मॅनूव्हर नीट होऊनही थांबलं नाही किंवा चक्करेचा प्रकारच बदलला तर मग पुढच्या टेस्ट.

प्रश्न : मॅडम, मी नाशिकरोडला राहतो, प्रेसमधून रिटायर झालो, वय ६७. सहा महिन्यांपूर्वी एका सकाळी अचानक चक्कर सुरू झाली ती तीन दिवस थांबलीच नाही, उलट्या, अ‍ॅडमिट, सलाईन. एमआरआय नॉर्मल आला, कानाच्या नसेला सूज म्हणाले. आता गरगरत नाही पण लाईट गेले की भिंत धरावी लागते, पंचवटीच्या भाजीबाजारात गर्दीत गेलं की आपण दारू प्यायल्यासारखे चालतोय असं वाटतं, मित्र हसतात. ईएनटी डॉक्टरांनी पोश्चुरोग्राफी म्हणून कॉम्प्युटराइज्ड टेस्ट लिहून दिलीय. हे नक्की काय असतं, त्यात पडायची भीती आहे का, आणि एमआरआय नॉर्मल असताना याने वेगळं काय कळणार?

उत्तर : काका, हा प्रश्न सविस्तर लिहिल्याबद्दल आभार, कारण अशाच अवस्थेतली कितीतरी माणसं घरात बसून आहेत, रिपोर्ट नॉर्मल आहे मग मलाच असं का होतं असं मनात घोकत.

तोल सांभाळायला मेंदू तीन ठिकाणची माहिती घेतो. दोन्ही कानांच्या आतले अवयव, डोळे, आणि तळपाय-घोटे-सांधे यांतून येणारी जाणीव. तुमच्या एका कानाकडून येणारी माहिती त्या सुजेमुळे कमी झाली, मेंदूने जमेल तसं निभावून घेतलं पण नकळत सगळा भरवसा डोळ्यांवर टाकला. म्हणून उजेडात सपाट फरशीवर तुम्ही ठीक असता, लाईट गेले की डोळ्यांची मदत जाते आणि हात भिंतीकडे जातो, बाजारात तर डोळ्यांसमोर माणसं, हातगाड्या, रिक्षा सगळंच हलतं, मग डोळे सांगतात ते खरं की पाय सांगतात ते खरं हे मेंदूला ठरवता येत नाही. एमआरआयमध्ये हे दिसणार नाही, कारण तो रचना दाखवतो, काम कसं चाललंय ते दाखवत नाही.

आता टेस्टबद्दल. आधी कानाचं काम तपासणाऱ्या टेस्ट येतात, तुमच्या झाल्या असतील नसतील ते फाईलमध्ये बघा. व्हीएनजीमध्ये डोळ्यांवर कॅमेऱ्याचा काळा गॉगल लावतात, आत इन्फ्रारेड कॅमेरे असतात, अंधारातही डोळ्यांची बारीकशी हालचाल कॉम्प्युटर नोंदवतो. त्यातच कॅलोरिक टेस्ट असते, कानात ३० आणि ४४ अंश सेल्सिअसचं पाणी किंवा तशीच थंड-गरम हवा सोडून एकेक कान वेगळा तपासतात. हे तत्त्व रॉबर्ट बारानी नावाच्या व्हिएन्नाच्या डॉक्टरांनी शोधलं, कान धुताना पाणी गार किंवा जास्त गरम असलं की पेशंटला चक्कर येते हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यातून एवढी मोठी गोष्ट निघाली की १९१४ चं नोबेल त्यांना मिळालं, तेव्हा ते रशियात युद्धकैदी होते. मला ही हकीकत फार आवडते, पेशंटची तक्रार कुणीतरी मन लावून ऐकली म्हणून हे झालं. तिसरी व्ही-हिट, म्हणजे तुम्ही समोरच्या ठिपक्यावर नजर ठेवायची आणि तपासणारा तुमचं डोकं अचानक थोडंसं झटकतो, कान चांगला असेल तर नजर ठिपक्यावरच राहते, नसेल तर नजर घसरते आणि मग उडी मारून परत येते. यात थोडी चक्कर येते खरी, पण ती काही मिनिटांत जाते.

या सगळ्यांतून कुठला कान किती कमी काम करतो ते कळतं. पण तो कान घेऊन तुम्ही उभे कसे राहता, हे पोश्चुरोग्राफीत कळतं. बूट-चपला काढून एका प्लेटवर उभं राहायचं, प्लेटखाली वजनाचे सेन्सर असतात, तीन बाजूंनी चित्र असलेली भिंत असते आणि अंगावर पट्ट्यांचं जाकीट घालून ते वरच्या दांडीला अडकवतात. म्हणजे तोल गेला तरी तुम्ही लटकाल, पडणार नाही, शिवाय माणूस मागे उभा असतोच. मग सहा परिस्थिती देतात, प्रत्येक २० सेकंद, साधारण तीन-तीन वेळा. पहिल्यात डोळे उघडे आणि सगळं स्थिर, दुसऱ्यात डोळे बंद. तिसऱ्यात तुम्ही जसे झुलाल तशीच समोरची भिंत झुलते म्हणजे डोळ्यांना वाटतं आपण हललोच नाही. चौथ्यात तुम्ही झुलाल तशी पायाखालची प्लेट कलते, म्हणजे घोट्यांना खरी खबर मिळत नाही. पाचव्यात प्लेट कलते आणि डोळेही बंद, सहाव्यात प्लेट आणि भिंत दोन्ही हलतात. शेवटच्या दोन परिस्थितींत आधार फक्त कानाचाच उरतो. कानाचा तोल कमी असलेला माणूस पहिल्या चारांत बऱ्यापैकी टिकतो आणि पाचव्या-सहाव्यात जातो. जो माणूस डोळ्यांच्या चुकीच्या माहितीवर विसंबतो त्याची गडबड तिसऱ्या आणि सहाव्यात दिसते, आणि तुमच्या बाजाराच्या अनुभवावरून मला वाटतं तुमचंही तिथे काहीतरी निघेल.

प्रत्येक वेळी ० ते १०० मध्ये मार्क मिळतात. माणूस पुढे-मागे मिळून साधारण साडेबारा अंश झुलू शकतो असं धरलेलं आहे, अजिबात झुललं नाही तर १००, पडायला आलं तर ०, आणि तुमचे मार्क तुमच्याच वयाच्या निरोगी माणसांशी ताडून बघतात. त्यामुळे रिपोर्टवर कमी आकडा बघून एकदम खचू नका, वयाप्रमाणे काय अपेक्षित होतं ते विचारा. काही मशीनवर आणखी एक भाग असतो, प्लेट अचानक पुढे किंवा मागे सरकवतात आणि तुमच्या पायांनी सावरायला किती मिलिसेकंद घेतले ते मोजतात.

हे मशीन अमेरिकेत लुईस नॅशनर यांच्या कामातून तयार झालं, त्यामागे नासाचीही मदत होती, कारण अंतराळातून परतलेल्या माणसांना जमिनीवर नीट उभं राहता येत नाही, काही दिवस त्यांचा तोल जातो. १९८० च्या दशकात ते दवाखान्यांत आलं. म्हणजे काका, मित्र हसले तर त्यांना सांगा अंतराळवीरांनाही हेच होतं.

एक मात्र स्पष्ट सांगते, पोश्चुरोग्राफी आजाराचं नाव सांगत नाही. कुठल्या माहितीवर तुम्ही जास्त टेकता आणि कुठली वापरतच नाही हे सांगते, आणि व्यायाम ठरवायला नेमकं तेच लागतं. आणि जाण्याआधी फोनवर विचारून घ्या की प्लेट हलणारी आहे का आणि भिंत हलते का, कारण पूर्ण हलणारं मशीन मोजक्याच ठिकाणी असतं, बऱ्याच ठिकाणी नुसती सेन्सरची स्थिर प्लेट असते आणि तिलाही कॉम्प्युटराइज्ड बॅलन्स टेस्टच म्हणतात. स्थिर प्लेट वाईट नाही, तिच्यावर जाड फोम ठेवून डोळे उघडे-बंद करून बरंच कळतं. फोमची ही पद्धत १९८६ मध्ये दोन फिजिओथेरपिस्टनी मांडली तीच मुळी मोठं मशीन परवडत नाही अशा ठिकाणांसाठी. मशीन मिळालं नाही म्हणून उपचार थांबवून बसू नका, एवढंच माझं कळकळीचं सांगणं.

आता व्यायाम. मशीनवरच्या सेशनमध्ये समोर स्क्रीनवर एक ठिपका असतो, तो म्हणजे तुमच्या वजनाचा मध्य, तुम्ही घोट्यातून थोडं पुढे, मागे, डावी-उजवीकडे झुकून तो ठिपका चौकटीत न्यायचा. आपण किती झुकू शकतो आणि कुठे घाबरून थांबतो हे डोळ्यांनी दिसतं त्यामुळे भीती लवकर जाते, आणि हळूहळू प्लेटची हालचाल वाढवत नेतात. पण खरं काम घरी होतं. भिंतीवर डोळ्यांच्या उंचीवर एक ठळक अक्षर चिकटवा, त्यावर नजर रोखून डोकं नाही म्हणताना हलवतो तसं हलवा, अक्षर स्पष्ट दिसत राहील इतक्याच वेगाने, मग हो म्हणताना हलवतो तसं. तुमच्यासारखं जुनं दुखणं असेल तर हे दिवसात तीन ते पाच वेळा, सगळं मिळून २० मिनिटं तरी, आणि ४ ते ६ आठवडे चिकाटीने करावं लागतं. दुसरं, खोलीच्या कोपऱ्यात पाठ करून, पुढे खुर्ची ठेवून जाड उशीवर उभं राहायचं, आधी डोळे उघडे, जमलं की बंद, घरात कुणी असतानाच. तिसरं, चालता चालता डावी-उजवीकडे बघायचं, गोदा पार्कवर सकाळी गर्दी नसताना सुरुवात करा, मग संध्याकाळी, मग भाजीबाजार. बाजार टाळू नका, तिथेच जायला शिकायचंय, फक्त पायरी पायरीने. हे व्यायाम मुळात १९४० च्या दशकात इंग्लंडमध्ये कॉथॉर्न आणि कुक्सी यांनी डोक्याला मार लागलेल्या सैनिकांसाठी बसवले, कारण त्यांच्या लक्षात आलं की जे पेशंट अंथरुणातून लवकर उठून हालचाल करतात तेच लवकर सावरतात. दीड-दोन महिन्यांनी टेस्ट परत करून आकडा किती सरकला ते बघा, तो सरकलेला बघून माणसाला जी उमेद येते ती मी रोज बघते.

प्रश्न : मी सिडकोतून लिहितोय. तीन वर्षांपासून चक्करेची गोळी रोज घेतो, बंद केली तर चक्कर येईल अशी भीती वाटते. टेस्टच्या आधी म्हणे गोळी बंद करावी लागते?

उत्तर : दादा, गोळीचं नाव लिहिलं नाहीत, म्हणून सरसकट सांगते. प्रोक्लोरपेराझिन, सिनारिझिन अशा गोळ्या चक्करेचा झटका आला तेव्हा दोन-तीन दिवसांसाठी असतात. त्या कानाकडून येणारी माहिती दाबतात, त्याने आराम पडतो, पण मेंदूला जुळवून घ्यायला तीच माहिती हवी असते, त्यामुळे महिनोन्‌महिने घेतल्या की सावरणं लांबतं. शिवाय या दोन्ही गोळ्या जास्त दिवस घेतल्या तर विशेषतः वयस्कर माणसांत हात थरथरणं, चाल मंदावणं, अंग आखडणं असं पार्किन्सनसारखं दिसू लागतं, आणि मग त्यानेच तोल जातो. बीटाहिस्टीन या जातीची नाही, ती वेगळ्या प्रकारे काम करते, पण तीही का चालू आहे आणि कधीपर्यंत, हे डॉक्टरांना विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. अचानक स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना विचारून कमी करत जा आणि सोबत व्यायाम सुरू करा.

व्हीएनजीच्या आधी साधारण ४८ तास चक्करेच्या आणि झोपेच्या गोळ्या थांबवायला सांगतात, दारूही नको, कारण त्याने डोळ्यांच्या नोंदी बदलतात. पण बीपी, शुगर, हार्ट, फिट्स यांच्या गोळ्या कधीच थांबवायच्या नाहीत. झोपेची गोळी रोजची असेल तर तीही मनाने बंद करू नका, आधी विचारा. कोणती थांबवायची ते कागदावर लिहून घ्या.

प्रश्न : गंगापूर रोडवरून लिहितेय. सासूबाई ७४ वर्षांच्या, शुगर वीस वर्षांपासून. गरगरत नाही म्हणतात पण दोनदा बाथरूमकडे जाताना रात्री पडल्या. आता हॉलमधून किचनमध्ये पण भिंत धरून येतात. त्यांना ही कॉम्प्युटर टेस्ट झेपेल का?

उत्तर : झेपेल, पट्टे असतात. पण त्याआधी घरच्या घरी आणि फॅमिली डॉक्टरांकडे होणाऱ्या गोष्टी करा, त्यांतूनच बहुतेक कारणं सापडतात. वीस वर्षांच्या शुगरने तळपायांची जाणीव कमी होते, म्हणजे पायांकडून येणारी माहिती गेली, आणि रात्री दिवा बंद म्हणजे डोळ्यांचीही गेली. डॉक्टरांकडून पायांची जाणीव तपासून घ्या, बी-१२ बघा, शाकाहारी असतील तर नक्कीच, मोतीबिंदू बघा. आणि बीपी आडवं झोपवून घ्या, मग उभं करून तीन मिनिटांच्या आत परत घ्या, वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर उठल्या उठल्या पडण्याचं कारण तिथे आहे, बीपीच्या गोळीचा डोस किंवा वेळ बदलावी लागेल.

घरी एक करून बघा. तुम्ही शेजारी हात धरायच्या तयारीत उभं राहायचं आणि त्यांना आधी पाय जुळवून, मग एक पाय अर्धा पुढे, मग एका पायाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला लावून एका रेषेत, असं प्रत्येकी १० सेकंद उभं राहायला सांगा. टाच-अंगठा स्थितीत १० सेकंद उभं राहता आलं नाही तर पडण्याचा धोका जास्त आहे असं धरून चाला. दुसरी, खुर्चीतून उठून ३ मीटर चालून वळून परत येऊन बसायचं, १२ सेकंद किंवा जास्त लागले तरी तोच अर्थ.

बेडरूम ते बाथरूम रात्रभर छोटा दिवा चालू ठेवा, बाथरूममध्ये धरायला भिंतीत पक्की दांडी बसवा, टॉवेलच्या दांडीला धरू देऊ नका, ती उपटून येते. पायपुसणी घसरणारी असतील तर काढून टाका, मोठ्या ढगळ स्लिपर नकोत. आणि कृपा करून त्यांना "तुम्ही बसा, उठूच नका" असं म्हणू नका. मला कळतं ते काळजीपोटी येतं, पण बसून राहिलेल्या माणसाच्या मांड्या काही आठवड्यांत कमजोर होतात. खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं रोज थोडं थोडं करून घ्या. यात मशीनवरचे सेशन मिळाले तर उत्तम, भीती कमी करायला त्याचा फार उपयोग होतो.

प्रश्न : वय ३३, कॉलेज रोड, आयटीत आहे, घरून काम. सात-आठ महिने झाले सतत बोटीत बसल्यासारखं हलतंय, मॉलमध्ये, मोबाईल स्क्रोल करताना वाढतं. सगळ्या टेस्ट नॉर्मल, सगळे म्हणतात टेन्शन घेतेस. मी वेडी होतेय का?

उत्तर : नाही गं, अजिबात नाही. तू लिहिलंयस तशा त्रासाला नाव आहे, पीपीपीडी, आणि बारानी सोसायटी या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१७ मध्ये त्याचे निकष ठरवून दिलेत. तीन महिन्यांहून जास्त काळ बहुतेक दिवस हलल्यासारखं, डगमगल्यासारखं वाटणं, उभं राहिल्यावर, स्वतः हलल्यावर आणि डोळ्यांसमोर गजबज असली की वाढणं. बऱ्याचदा आधी कानाचा झटका, मायग्रेन किंवा मोठा ताण येऊन गेलेला असतो, तो जातो पण मेंदू सतत सावध राहायची सवय सोडत नाही. टेस्ट नॉर्मल येणं हे यात अपेक्षितच आहे. याचं निदान तुझं ऐकून होतं, म्हणून चक्कर कधी सुरू झाली, किती वेळ टिकते, कशाने वाढते हे लिहून घेऊन जा. डोकेदुखी, उजेड-आवाज सहन न होणं असेल तर ते आवर्जून सांग, मायग्रेनचीही चक्कर असते आणि तिचे उपचार वेगळे. पीपीपीडीत हळूहळू वाढवत नेलेले तोलाचे व्यायाम, समुपदेशन आणि गरज पडली तर एसएसआरआय गटातली, म्हणजे एरवी चिंता-नैराश्यावर देतात ती औषधं देतात. औषध मानसोपचाराच्या डॉक्टरांनी लिहिलं म्हणून बिचकू नकोस.

प्रश्न : सातपूरहून. कंपनीत काम करतो, वय ४४. मागच्या वर्षी मोठं इन्फेक्शन झालं, किडनीवरही परिणाम झाला होता, बरेच दिवस जेंटामायसिनची इंजेक्शनं होती. बरा झालो पण तेव्हापासून चालताना दुकानांच्या पाट्या वर-खाली उडतात, थांबलो की नीट दिसतं. अंधारात चालताच येत नाही. गरगरत मात्र नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनी नंबर नाही म्हणून सांगितलं.

उत्तर : दादा, तुमचं पत्र मी ताबडतोब ईएनटी डॉक्टरांना दाखवायला सांगीन. जेंटामायसिन जीव वाचवणारं औषध आहे आणि तेव्हा ते लागलं असेल, पण ते दोन्ही कानांच्या तोलाच्या पेशींना इजा करू शकतं, किडनी कमजोर असताना जास्त, आणि ऐकू येणं चांगलं राहूनही हे होतं म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. टीबीसाठी पूर्वी देत असत त्या स्ट्रेप्टोमायसिननेही हेच होतं. दोन्ही बाजू सारख्याच गेल्यामुळे गरगरत नाही, पण डोकं हललं की नजर स्थिर ठेवणारी यंत्रणाच काम करत नाही म्हणून पाट्या उडताना दिसतात. व्ही-हिट आणि कॅलोरिकमध्ये हे स्पष्ट होईल, पोश्चुरोग्राफीत पाचवी-सहावी परिस्थिती तुम्हाला जवळपास अशक्य जाईल, त्याने निराश होऊ नका.

गेलेल्या पेशी परत येत नाहीत हे मी लपवत नाही. पण डोळे आणि पाय यांचा वापर वाढवून, नजरेचे व्यायाम करून चालणं पुष्कळ सुधारतं. कंपनीत उंचीवरचं काम, शिडी, क्रेन बंद करा, तसं पत्र डॉक्टरांकडून घ्या. रात्री टॉर्च जवळ ठेवा. आणि पाण्याखाली डुबकी मारायची नाही, गढूळ पाण्यात डोळ्यांना दिसत नाही, पाय टेकलेले नसतात, वर कुठलं आणि खाली कुठलं हेच कळत नाही. २०२७ च्या सिंहस्थात रामकुंडावर स्नानाला जाणार असाल तर काठाला धरून तांब्याने स्नान करा, सोबत कुणीतरी हवंच. पुढे कुठल्याही दवाखान्यात अ‍ॅडमिट व्हायची वेळ आली तर हे इंजेक्शन सोसत नाही हे आधी सांगा, फाईलवर लाल अक्षरांत लिहून ठेवा.

प्रश्न : चक्कर आल्यावर टेस्टची वाट न बघता लगेच हॉस्पिटल गाठायचं कधी? (देवळाली कॅम्प)

उत्तर : अचानक आलेल्या चक्करेबरोबर बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं, एका बाजूचा हात-पाय लुळा किंवा बधिर पडला, एकाचे दोन दिसायला लागले, गिळता येईना, कधी नव्हे इतकं डोकं किंवा मान दुखायला लागली, किंवा धरूनही उभं राहता येईना, तर ते मेंदूतलं असू शकतं. १०८ ला फोन करा. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, त्यामुळे लिंबूपाणी देऊन सकाळपर्यंत वाट बघू नका. आणि एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं तर तेही त्याच दिवशी दाखवा.

प्रश्न : पंचवटीतून. फिजिओने व्यायाम दिलेत पण ते केले की चक्कर वाढते, म्हणून चार दिवसांनी सोडून दिले. बरोबर केलं ना?

उत्तर : ताई, सोडू नका, परत सुरू करा. या व्यायामांत थोडी चक्कर यावीच लागते, मेंदूला चूक दिसल्याशिवाय तो दुरुस्ती करत नाही. किती यावी याचं माप असं ठेवा, ० म्हणजे काहीच नाही आणि १० म्हणजे सहनच होत नाही, तर व्यायामाने ३-४ पर्यंत जायला हरकत नाही आणि थांबल्यावर १५-२० मिनिटांत ते पूर्ववत झालं पाहिजे. तासन्‌तास टिकत असेल किंवा उलटी होत असेल तर वेग निम्मा करा, उभ्याने करत असाल तर बसून करा, पण शून्यावर आणू नका. जेवणानंतर लगेच करू नका. वहीत तारीख आणि आकडा लिहीत जा, दोन आठवड्यांनी वही फिजिओला दाखवा, त्यावरून ते व्यायाम बदलून देतील. आणि झाल्या झाल्या स्कूटर काढू नका, चक्कर पूर्ण शांत होऊ द्या, मग घराबाहेर पडा.